काजू कारखान्यातील तूट : आधी तराजू, मग यंत्र

काजू बी फोडून गर काढण्याचे लहान कारखाने सिंधुदुर्ग जिल्ह्यात आता थोडेथोडके राहिलेले नाहीत. वेंगुर्ले, सावंतवाडी, कुडाळ ह्या भागांत हा धंदा जुना आहे. इतर तालुक्यांतही घराच्या पडवीत किंवा परसातील मांगरात पाच-दहा स्त्रियांच्या हातांवर चालणारे उद्योग उभे राहिले आहेत. ह्या कारखानदारांची भेट झाली की एक मागणी बहुधा ठरलेली असते. बी फोडण्याचे स्वयंचलित यंत्र घ्यावयाचे आहे, त्यास कर्ज व अनुदान कसे मिळेल ते सांगा. मागणी गैर नाही. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली, तेव्हापासून तर यंत्राची ओढ अधिकच वाढली आहे.

तथापि माझे मत असे आहे की, आपल्याकडील बहुतेक लहान कारखान्यांच्या बाबतीत यंत्र ही दुसरी पायरी होय. पहिली पायरी तराजू आणि वही यांची आहे. आपल्या कारखान्यात माल कोठे व किती वाया जातो, हे ज्यास सांगता येत नाही, त्याने यंत्र आणले तर पूर्वी जी तूट आठ तासांत होत असे ती दोन तासांत होऊ लागेल, एवढाच फरक.

प्रथम काजू बीपासून मिळावयाचे काय, ते पाहू. चांगली पक्व व वाळलेली १०० किलो बी घेतली तर तीतून साधारणपणे २८ ते ३० किलो गर मिळावयास हवा. टरफल ७० किलोच्या आसपास निघते, आणि गरावरील तांबडी साल थोडीशी. म्हणजे ज्या वस्तूसाठी सारा खटाटोप करावयाचा ती मुळात तिसऱ्या हिश्शाहून कमी. अशा धंद्यात गराच्या एका टक्क्याची घट ही किरकोळ बाब नव्हे. शंभर किलोंमागे २८ किलोऐवजी २६ किलो गर हाती आला, तर कारखानदाराला दोन टक्के कमी पडल्यासारखे वाटते. वस्तुतः त्याच्या विक्रीयोग्य मालाचा चौदावा हिस्सा नाहीसा झालेला असतो. त्यातही अख्खा गर, पाकळी आणि तुकडा यांच्या भावांत मोठे अंतर आहे. गर वजनाने पूर्ण भरला, पण त्यात पाकळी अधिक निघाली, तरी वर्षाच्या हिशेबात तोटा यावयाचा तो येतोच.

हा तोटा फोडणीच्या पाटावर होतो अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि दोष ठेवला जातो तो फोडणाऱ्या स्त्रियांवर. माझ्या पाहण्यात मात्र त्याचा उगम बहुतेक वेळा त्याआधीच झालेला असतो. तो बी खरेदीत आणि बीच्या मिसळीत असतो.

ह्या मिसळीचे कारण समजून घेण्याजोगे आहे. आपल्याकडे जुन्या काळी काजूची झाडे बियांपासून उगवलेली असत. गडग्याच्या कडेने, वरकस जमिनीत, कातळाच्या भेगेत जेथे बी रुजली तेथे झाड वाढले. अशा झाडांची बी लहान-मोठी, नाना तऱ्हेची. पुढे १९५७ साली वेंगुर्ले येथे फळ संशोधन केंद्र सुरू झाले व निवड आणि संकर यांच्या योगे सुधारित जाती निघू लागल्या. १९७२ साली दापोली येथे कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर हे काम त्याच्या छत्राखाली चालू राहिले. वेंगुर्ला-१ ही जात १९७४ साली, वेंगुर्ला-४ ही १९८१ साली व वेंगुर्ला-७ ही १९९७ साली प्रसारित झाली. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाली आणि कलमांच्या बागा डोंगरउतारांवर पसरल्या. आज एकाच बागायतदाराच्या घरी आजोबांच्या वेळची गावठी झाडे, वडिलांनी लावलेली वेंगुर्ला-४ ची कलमे व त्याने स्वतः लावलेली वेंगुर्ला-७ ची कलमे, अशी तीन पिढ्यांची बी एका वेळी गोळा होते व एकाच पोत्यात जाते. त्यातून जे उरते ते गावातील किराणा दुकानात मिसळते. पोरे ओंजळभर बी देऊन खाऊ घेतात, बायका दोन-चार किलो देऊन साखर-चहापूड नेतात, आणि दुकानदार सर्व बी एकाच पोत्यात ओततो.

आता वजने पाहा. वेंगुर्ला-७ ची एक बी सुमारे १० ग्रॅमची, म्हणजे किलोत शंभर. वेंगुर्ला-४ ची पावणेआठ ग्रॅमच्या जवळपास, किलोत सुमारे १३०. वेंगुर्ला-१ ची सव्वासहा ग्रॅमच्या आतबाहेर, किलोत सुमारे १६०. गावठी झाडाची बी पुष्कळदा साडेचार-पाच ग्रॅमचीच असते. गराची प्रतवारी बाजारात एका पौंडात किती अख्खे गर बसतात यावरून ठरते. डब्ल्यू १८० म्हणजे पौंडात १८० पर्यंत, डब्ल्यू २४० म्हणजे २४० पर्यंत, ह्याप्रमाणे. वरील वजनांचा हिशेब मांडला तर वेंगुर्ला-७ चा गर डब्ल्यू १८० मध्ये, वेंगुर्ला-४ चा डब्ल्यू २१० मध्ये व वेंगुर्ला-१ चा डब्ल्यू २४० मध्ये बसतो. गावठी बीचा गर डब्ल्यू ४५० पर्यंत खाली जातो. ही चार निरनिराळ्या किमतींची वस्तू आहे, आणि आपण ती एका भावाने विकत घेतो.

पण भावापेक्षाही मोठे नुकसान पुढे होते. फोडण्यापूर्वी बीला वाफ दिली जाते. वाफेचा दाब व वेळ ही बीच्या आकारावर अवलंबून असतात. लहान-मोठी बी एकत्र शिजवली तर लहान बी अधिक शिजते व तिचा गर काळवंडतो किंवा तेलाने डागाळतो. मोठी बी कमी शिजते, तिचे टरफल चिवट राहते, गर टरफलाला धरून बसतो व सुई लावताच दुभंगतो. त्यानंतर बी पसरून दिवसभर निवू द्यावी लागते, म्हणजे टरफल ठिसूळ होते आणि गर आत मोकळा होतो. घाईत हा अवधी कमी केला तर तोच परिणाम. हात-पायांनी चालवावयाच्या यंत्राच्या दोन पात्यांमधील अंतरही बीच्या आकाराशी जुळावे लागते. कुशल कामगार स्त्री हातातील बी पाहून दाब कमी-अधिक करते व मिसळीचा दोष बराचसा झाकून घेते. स्वयंचलित यंत्राला ही जाणीव नाही. त्याला एका मापाची बी लागते. मिसळ बी त्यात घातली की लहान बी न फुटता सुटते आणि मोठी बी गरासकट चिरली जाते. यंत्र बिघडले म्हणून ज्यांना आपण दोष देतो त्यांतील कित्येक यंत्रे मुळीच बिघडलेली नसतात.

मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव ज्यांनी पाहिला असेल, त्यांस ही गोष्ट अधिक सांगावयास नको. रापणीचे जाळे ओढले की आलेली मासळी प्रथम निवडली जाते. सुरमई, बांगडा आणि तारली एका पाटीत घालून एका दराने कोणी विकत नाही व कोणी घेतही नाही. बांगड्यातही आकार पाहिला जातो. ज्या मासळीचा जीव काही तासांचा, तिची निवड होते. आणि जी काजू बी महिनोन्‌महिने टिकते तिची निवड करण्यास आपल्याला वेळ मिळत नाही, हे चमत्कारिक नव्हे काय?

दुसरे कारण ओलावा. साठवणीस ठेवावयाची बी ८ टक्के ओलाव्यापर्यंत वाळलेली असावी. दोन-तीन कडक उन्हे दिली व मधूनमधून बी परतली तर हे सहज साधते. वाळलेली बी हलवली असता खुळखुळ वाजते व नखाने टरफलावर खूण उमटत नाही, ही सर्वांस ठाऊक असलेली परीक्षा आहे. परंतु पुष्कळ बी त्याआधीच विकली जाते, कारण ओली बी वजनाला भरते आणि बागायतदाराला पैशाची निकड असते. समजा, १४ टक्के ओलाव्याची १०० किलो बी घेतली. ती ८ टक्क्यांवर वाळवली असता साडेत्र्याण्णव किलो भरेल. म्हणजे साडेसहा किलो पाणी विकत घेतले. दिवसाला १०० किलो बी फोडणाऱ्या व वर्षाचे २५० दिवस चालणाऱ्या कारखान्याने सर्व खरेदी अशीच केली, तर पाणी झाले सुमारे सव्वासोळाशे किलो. बीचा भाव किलोस १२० रुपये धरला तर ही रक्कम १ लाख ९५ हजार रुपये होते. आणि हे केवळ वजनाचे नुकसान झाले. ओल्या बीला पोत्यात बुरशी धरून गर काळा पडतो ते वेगळेच.

बोंडाचा गर बीला चिकटून राहिला असेल तर बुरशीला आयते निमंत्रण मिळते. बी बोंडापासून स्वच्छ सोडवली पाहिजे. वाळवणीचे दिवसही आता पूर्वीसारखे हुकमी राहिलेले नाहीत. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. २०२५ साली मोसमी पाऊस मे महिन्यातच कोकणात उतरला. मे अखेरपर्यंत ऊन मिळेलच ह्या भरवशावर खळ्यात बी पसरून ठेवण्यात आता शहाणपण नाही. कोठारात पोती फळ्यांवर व भिंतीपासून हातभर दूर रचावीत. चिऱ्याच्या भिंती पावसाळ्यात ओल ओढतात, आणि भिंतीला टेकलेले पोते प्रथम बिघडते.

तिसरे कारण अपक्व बी. चोरी आणि माकडे यांच्या भयाने बागायतदार बोंडे पिकण्यापूर्वीच आकडीने पाडतात. त्यांची अडचण खरी आहे, मी ती नाकारीत नाही. पण अशा बीत गर भरलेला नसतो, तो वाळला की सुरकुततो व त्याची साल निघत नाही. ओल्या काजूगरांसाठी कोवळी बी काढावयाची असेल तर ती निराळी गोष्ट. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओल्या गराला जो भाव मिळतो तो पाहता, ज्याला बाजार जवळ आहे त्याने तो जरूर घ्यावा. परंतु अर्धवट तयार झालेली बी उसळीच्याही उपयोगाची नसते आणि कारखान्याच्याही नसते. कारखान्यासाठी बी ती आपोआप गळून पडलेली, आणि एक-दोन दिवसांच्या आत वेचलेली.

यावर उपाय नमुन्याचा आहे आणि तो स्वस्त आहे. खरेदीच्या वेळी निरनिराळ्या पोत्यांतून मूठमूठ काढून एक किलो नमुना करावा. त्यातील बिया मोजाव्यात. मग त्या कापून सालीसह चांगला गर वेगळा तोलावा. काळा, किडका, सुरकुतलेला गर बाजूला टाकावा. आयात बीच्या व्यापारात ८० किलोच्या पोत्यामागे किती पौंड गर निघतो यावर सौदा होतो, आणि आफ्रिकेतून येणारी बी भारतातील कारखानदार ह्याच मापाने घेतात. एक किलोतून २७० ग्रॅम गर निघाला तर पोत्यामागे २१.६ किलो, म्हणजे साडेसत्तेचाळीस पौंडांच्या वर गर पडला. टांझानियाच्या किंवा आयव्हरी कोस्टच्या शेतकऱ्याची बी ज्या कसोटीने घेतली जाते, ती कसोटी कणकवलीच्या शेतकऱ्याच्या बीला का लावू नये? ती लावली तर येथील चांगल्या बागायतदाराचा लाभच आहे. आज तो वेंगुर्ला-७ ची पक्व, वाळलेली बी आणतो आणि त्याला भाव मिळतो तो सर्वांना मिळतो तोच. असे दोन हंगाम झाले की पुढल्या वर्षी तोही बी न वाळवता विकतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

पाच किलो बी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाचा नमुना कापीत बसावयाचे काय, असा आक्षेप घेतला जाईल. तसे करण्याचे कारण नाही. लहान खरेदीसाठी तीन ढीग पुरेत : मोठी वाळलेली, लहान वाळलेली आणि ओली अथवा संशयित. शंका आलीच तर पाच-पन्नास बिया बादलीभर पाण्यात टाकून पाहाव्यात. भरलेली बी बुडते, पोकळ व अपक्व बी तरंगते. सगळ्या बीला मात्र पाणी दाखवू नये. तीन ढिगांना तीन भाव असावेत व ते दरवाजावर खडूने लिहिलेले असावेत. तोंडी भावात दुकानदाराची मर्जी राहते, लिहिलेल्या भावात राहत नाही.

आता कारखान्याच्या आत येऊ. जपानमधील टोयोटा मोटार कारखान्यातील ताइइची ओनो ह्या अभियंत्याने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अपव्ययाचा बारकाईने विचार केला व त्याचे सात प्रकार सांगितले. सदोष माल हा त्यांपैकी एकच. वाट पाहण्यात गेलेला वेळ, उगाच केलेली ने-आण, गरजेबाहेरचा साठा ह्यांनाही त्याने अपव्ययच मानले. त्याचा उपदेश हल्ली सर्व प्रकारच्या उद्योगांना सरसकट केला जातो. काजूच्या बाबतीत तो जसाच्या तसा लागू पडत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. काजू बी वर्षातून तीन महिने मिळते आणि कारखाना वर्षभर चालवावयाचा असतो. तेथे कच्च्या मालाचा साठा करू नका म्हणणे म्हणजे दिवाळीनंतर कारखाना बंद ठेवा म्हणण्यासारखे आहे. भांडवलाअभावी अनेकांवर तशी वेळ येतेही.

मात्र दोन प्रक्रियांच्या मध्ये अडकून पडणारा माल ही वेगळी बाब आहे आणि तेथे ओनोचे म्हणणे तंतोतंत खरे ठरते. फोडलेला गर बोरम्यात साधारणपणे ७० अंश सेल्सियसच्या सुमारास सहा ते आठ तास वाळवतात. त्याने साल सुटी होते. हा गर लगेच सोलला तर साल बोटाने निघते. आपल्याकडे पावसाळ्यात काय होते? सोलणाऱ्या स्त्रिया चार, बोरम्यातून आलेला गर आठजणींच्या कामाइतका. उरलेला गर रात्रभर उघडा राहतो, हवेतील दमटपणा शोषून घेतो, साल पुन्हा चिकटते आणि दुसऱ्या दिवशी ती सुरीने खरवडावी लागते. खरवडलेल्या गरावर ओरखडे उठतात व तो खालच्या प्रतीत जातो. येथे बोरमा लहान नव्हता, मोठा होता. तेवढाच गर वाळवावयास हवा होता जेवढा त्या दिवशी सोलून होईल. ह्या सुधारणेस एक पैसाही लागत नाही.

अशा जागा सापडाव्यात म्हणूनच वही हवी. प्रत्येक दिवसाच्या बीला एक क्रमांक द्यावा. बॉयलरमध्ये जाताना वजन, फोडून निघालेल्या गराचे वजन, टरफलाचे वजन, बोरम्यानंतरचे वजन, सोलल्यानंतर अख्खा, पाकळी व तुकडा यांची निरनिराळी वजने, एवढ्या नोंदी पुरेत. कोणत्या ढिगाची बी होती तेही लिहावे. महिनाभर ही वही नीट ठेवली तर ती स्वतःच बोलू लागते. सोमवारी पाकळी वाढली, ती त्या दिवशी बी रविवारी न निवविता फोडली म्हणून. अमक्या दुकानातील पोत्यांचा गर दर वेळी कमी भरतो. टरफलाचे वजन वाढले तेव्हा टरफलाबरोबर गरही बाहेर गेला. पुष्कळ ठिकाणी मी केवळ दोन आकडे लिहिलेले पाहतो, खरेदी केलेली बी आणि विकलेला गर. ह्या दोहोंच्या मध्ये जे सात-आठ टप्पे आहेत, त्यांत काय घडते ते देव जाणे.

वजनांच्या जोडीला मजुरीचा विचार अवश्य झाला पाहिजे. सोलणीची मजुरी बहुधा किलोमागे असते आणि अख्खा व तुकडा यांत भेद केला जात नाही. ह्याचा अर्थ, जी स्त्री सावकाश व जपून काम करते तिला दिवसाअखेर कमी पैसे मिळतात, आणि जी भराभर सोलते तिला अधिक. घाईला पैसे द्यावयाचे व सफाईची अपेक्षा करावयाची, असा हा व्यवहार आहे. दिवसाला १०० किलो बीचा २८ किलो गर धरला व त्यात अख्ख्याचे प्रमाण ८० टक्क्यांऐवजी ७० टक्के राहिले, तर रोज २.८ किलो अख्खा गर पाकळीत व तुकड्यांत जातो. २५० दिवसांचे झाले ७०० किलो. दोहोंच्या भावांतील अंतर किलोस १५० रुपये धरले तर वर्षाला १ लाख ५ हजार रुपये. ह्या रकमेतील काही वाटा अख्ख्या गरामागे जादा मजुरी म्हणून दिला तरी कारखानदाराच्या हाती पुष्कळ उरेल.

मात्र तुकड्याबद्दल मजुरी कापण्यास माझा विरोध आहे. गर फुटतो तो पुष्कळदा वाफेच्या व वाळवणीच्या दोषाने. 'आज बी बरी शिजूक नाय' असे फोडणारी मावशी पहिल्या दहा बियांतच सांगते. ते ऐकून घेऊन बी पुन्हा तपासण्याऐवजी, बडबड न करता काम उरकावयास तिला सांगितले जाते आणि संध्याकाळी तुकड्यांचा हिशेब तिच्याच माथी मारला जातो. मूळ दर सर्व गराला सारखा ठेवून अख्ख्यावर वाढ द्यावी, हेच न्यायाचे. तसेच टरफलातील तेल कातडी जाळते. हातांना तेल व राख लावून काम करण्याची जुनी रीत आहे, तिने रक्षण होते ते अपुरे. हातमोजे घातले की बी नीट धरता येत नाही, असे काहीजणी म्हणतात व ते काही अंशी खरे आहे. पातळ व बोटांना घट्ट बसणारे मोजे आणून, ते फाटताच बदलून देण्याची तयारी कारखानदाराने ठेवली पाहिजे. ज्या कारखान्यातील स्त्रियांची बोटे काळी पडून सोलवटली आहेत, तेथे निष्णात हात फार दिवस टिकत नाहीत. आणि नव्या हातांना शिकवण्यात जो गर फुटतो तो कोणत्याही वहीत लिहिला जात नाही.

एवढे झाल्यावर यंत्राचा विचार करावा. त्यातही फोडणीच्या यंत्राआधी बीची आकारमानाप्रमाणे वर्गवारी करणारी फिरती चाळण घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तिची किंमत फोडणीच्या यंत्राच्या मानाने कमी असते, हाताने फिरवावयाची चाळण गावातील लोहारकामाच्या कारागिराकडूनही करून घेता येते, आणि तिचा लाभ बॉयलरपासून प्रतवारीपर्यंत प्रत्येक टप्प्यावर मिळतो. वर्षभराची वही ज्याच्याजवळ आहे त्याला यंत्रविक्रेत्यास विचारता येईल की, माझ्या बीतून सध्या अख्खा गर इतके टक्के निघतो, तुमच्या यंत्रातून किती निघेल? माझीच दोन पोती फोडून दाखवा. वही नसलेल्या माणसाला असा प्रश्न सुचत नाही. त्याला ताशी किती किलो बी फुटते एवढेच सांगितले जाते आणि त्याचे समाधान होते.

काजूच्या अपव्ययाचा विषय निघाला की भाषणांतून प्रथम उल्लेख होतो तो बोंडाचा. बोंड बीच्या कित्येक पट वजनाचे असते, त्यात 'क' जीवनसत्त्व विपुल आहे, आणि सीमेपलीकडे गोव्यात त्याची फेणी होते तर आपल्याकडे ते झाडाखाली कुजते, हे सर्व खरे आहे. परंतु गळलेले बोंड दिवसभरात आंबू लागते, ते बागेतच हाताळावे लागते व त्याचा उद्योग हा स्वतंत्र उद्योग आहे. सरबत व सिरप करणाऱ्यांनी तो जरूर करावा. बी फोडणाऱ्या कारखानदाराने मात्र बोंडाच्या आकड्यांनी दिपून जाऊन आपल्या दाराशी सांडणारा गर विसरू नये.

त्याच्या दाराशी खरोखर पडून असते ते टरफल. त्याच्या वजनाच्या २० ते २५ टक्के तेल निघते. रंग, राळ व मोटारींच्या ब्रेकचे अस्तर यांच्या कारखान्यांत त्याला मागणी आहे. आपले मच्छीमार होड्यांच्या लाकडाला ते पूर्वापार लावीत आले आहेत. पुष्कळ कारखान्यांत हे टरफल तसेच चुलीत घातले जाते व त्याच्या तिखट धुराचा त्रास साऱ्या वाडीला होतो. दिवसाला ७० किलो टरफल निघणाऱ्या एकट्या कारखान्याला तेलाचा घाणा परवडत नाही. आठ-दहा कारखान्यांनी सहकारी तत्त्वावर एक घाणा घातला तर रोज पाचसातशे किलो टरफल जमेल, आणि तेल काढल्यानंतरचा चोथा सभासदांना बॉयलर व बोरमा यांसाठी जळण म्हणून परत नेता येईल. तो टरफलापेक्षा कमी धुराने जळतो. घाण्याची जागा निवडताना एवढे पाहावे की पावसाळ्यात तेथे टेम्पो जाऊ शकेल असा रस्ता असावा आणि टरफल साठवण्यास झाकलेली ओसरी असावी, कारण जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत भिजलेले टरफल घाण्यात घालता येणार नाही.